अडीच मिनिटं जास्त

सकाळी ६

जानेवारीत पुण्यातलं नळाचं पाणी पहाटे हाताला झोंबतं. आज मला ते ३७.८ अंश सेल्सिअसवर आणायचं आहे आणि दुपारपर्यंत तिथंच राखायचं आहे. रंगीत निगेटिव्ह धुण्याची जी पद्धत जगभर चालते तिचं नाव सी-४१. कोडॅकनं ती १९७२ साली आणली. पुढे फुजी, कोनिका, आग्फा या सगळ्यांनी आपापली नावं देऊन तीच उचलली. तिच्या आधीची सी-२२ ही पद्धत २४ अंशांच्या आसपास चालायची, म्हणजे आपल्या हवेत जवळजवळ नळाच्याच पाण्यात. सी-४१ आल्यावर काम झटपट उरकू लागलं, पण तापमानाचं सोवळं सुरू झालं. डेव्हलपरसाठी, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनासाठी, मूळ मर्यादा आहे ती ३७.८च्या वरखाली फक्त ०.१५ अंशाची. घरात एवढं काटेकोर जमत नाही. पाव-अर्ध्या अंशात राहिलो तरी मी खूश असतो.

साधनं साधीच आहेत. बर्फातली मासळी ज्यात येते तसली थर्मोकोलची मोठी पेटी, पाणी तापवायचा रॉड, त्याला जोडलेला थर्मोस्टॅट आणि पाणी फिरतं ठेवायला माशांच्या टाकीतला छोटा पंप. रॉड पेटीला टेकला तर थर्मोकोल वितळेल, म्हणून तो आडव्या लाकडी पट्टीला टांगतो. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हा आईनं घालून दिलेला नियम आहे आणि तिचे बाकीचे नियम मी पाळत नसलो तरी हा पाळतो.

थर्मामीटर मात्र औषधाच्या दुकानातला. प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर शून्यापासून शंभरापर्यंत सगळं दाखवतो, पण आपल्याला हवं तिथंच त्याची रेघ अर्ध्या अंशानं इकडे की तिकडे हे डोळ्यांना नीट कळत नाही. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर माणसाच्या अंगाच्या उष्णतेपुरतंच पाहतो, पण तेवढ्यात दशांशापर्यंतचा भरवसा देतो. ३७.८ सेल्सिअस म्हणजे १०० फॅरनहाइट. डेव्हलपरला बरोबर शंभर ताप आला पाहिजे. या थर्मामीटरला रसायनात बुडवायचं नाही. साध्या कोमट पाण्यात दोन्ही शेजारी धरायचे, फरक पाहायचा आणि तो काचेच्या थर्मामीटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवायचा.

सकाळी ७

“आंघोळ आधी माझी,” आई म्हणते. “मग मांड तुझं दुकान.”

न्हाणीघर एकच आहे आणि माझं काम तिथंच चालतं. त्यामुळे हा दिवस आदल्या रात्रीच जाहीर करावा लागतो. आईची आंघोळ, कपड्यांची बादली, मग मी. तिच्या आंघोळीचा मला फायदाही होतो. कढत पाण्याच्या वाफेनं हवेतली धूळ खाली बसते आणि दुपारी फिल्म वाळत घालायची असते तीही याच खोलीत.

सकाळी साडेसात

रसायनं कालवायची वेळ. माझं किट एक लिटरचं आहे. त्यात एक डेव्हलपर, एक ब्लिक्स आणि शेवटचं स्थिरीकरणाचं पाणी. ब्लिक्स म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकत्र. मोठ्या लॅबमध्ये ही दोन कामं वेगवेगळ्या टाक्यांत होतात आणि तेच खरं चांगलं, पण घरी बाटल्या आणि वेळ वाचतात म्हणून किटवाले दोन्ही एकत्र देतात.

पाणी मी नळाचं वापरत नाही. आमच्या इमारतीत टँकरचं, बोअरचं आणि महापालिकेचं असं तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं आणि आज कुठलं आलं हे वॉचमनलाही सांगता येत नाही. गॅरेजजवळच्या दुकानात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. ते स्वस्त आहे आणि रोज एकसारखं आहे. डेव्हलपरला तेच हवं असतं.

हातमोजे घालायचेच. डेव्हलपरमधलं मुख्य द्रव्य सीडी-४ नावाचं आहे आणि ते कातडीला लागत राहिलं तर काहींना कायमची ॲलर्जी होते. दुसरी शिस्त बाटल्यांची. डेव्हलपरच्या बाटलीला लाल पट्टी, ब्लिक्सच्या बाटलीला काळी. नरसाळी वेगळी, मोजपात्रं वेगळी, आणि यातलं काहीही स्वयंपाकघरात परत जात नाही. डेव्हलपर सांडून ब्लिक्समध्ये गेला तर फारसं बिघडत नाही. ब्लिक्सचे थोडे थेंब डेव्हलपरमध्ये गेले तर लिटरभर रसायन फुकट गेलं असं समजावं. म्हणून क्रम ठरलेला: आधी डेव्हलपर कालवून, बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट लावून पेटीत ठेवायचा. मगच ब्लिक्सची पाकिटं फोडायची. हवेतला प्राणवायू डेव्हलपरला मारतो. अर्धी बाटली ठेवली तर वरच्या अर्ध्या बाटलीतली हवा त्याला खात बसते. काही जण काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणतात, काही लायटरचा गॅस मारतात. मी चुरमडणारी प्लॅस्टिकची बाटली दाबून हवा काढतो.

सकाळी ९

पेटीतलं पाणी चढतं आहे, तोवर रोल टेबलावर मांडतो. आजचे रोल वेंगुर्ल्याजवळच्या एका गावच्या जत्रेतले आहेत. दिवसा बाजारात आणि बंदरावर काढलेले दोन साधे रोल आणि रात्रीच्या दशावताराचे दोन. रात्रीच्या रोलांवर मार्करनं ठळक लिहिलंय: ‘१६००, +२’.

हे न लिहिता रोल बॅगेत टाकला की संपलं. डबीवर छापलेलं असतं ४००. कॅमेऱ्याचा आकडा मी १६०० वर ठेवून छायाचित्रं घेतली आहेत हे त्या डबीला माहीत नसतं. आणि पुश, म्हणजे उजेडाची उणीव धुताना भरून काढायचा प्रयत्न, करायचा तर अख्खा रोल करावा लागतो. अर्धी छायाचित्रं ४०० वर आणि अर्धी १६०० वर, असा रोल म्हणजे दोन पक्षांचं भांडण मिटवायला एकच निकाल. म्हणून रात्र पडली की मी नवा रोल भरतो, दिवसाच्या रोलवर चार-पाच फ्रेम शिल्लक असल्या तरी.

दशावताराचा उजेड मोठा फसवा. पडदा, त्याच्यापुढे एक लाकडी बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. मध्यरात्रीच्या सुमाराला गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग वेद चोरणारा काळ्या वेषातला संकासुर येतो आणि मालवणीत लोकांना हसवून लोळवतो. त्यानंतर आख्यान, ते पहाटेपर्यंत. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरते आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. पूर्वी पेट्रोमॅक्स असायचे. आता समोर दोन हॅलोजन, वर एखादी ट्यूबलाइट आणि मंडपवाल्यानं हौसेनं लावलेले रंगीत एलईडी. डोळ्याला लखलखाट वाटतो. मीटर धरला तर १६०० वर एफ २ आणि सेकंदाचा साठावा भाग, तोही राजपार्ट करणारा बाकड्यापाशी उभा असेल तरच. तो मागे पडद्याकडे सरकला की गेला अंधारात. ४०० वर हेच सेकंदाचा पंधरावा भाग झालं असतं, आणि युद्धनृत्य चालू असताना पंधराव्या भागात तलवारही दिसत नाही आणि हातही.

१६०० वेगाचाच रंगीत रोल का नाही वापरत, असं लोक विचारतात. फुजीचा होता, तो बंद झाला. आज बाजारात रंगीत निगेटिव्हची धाव ८०० पर्यंत आहे, आणि तो रोल ४००च्यापेक्षा बराच महाग पडतो. त्यामुळे रात्रीचं काम करणाऱ्यानं पुश शिकून घ्यावा हे बरं.

लॅबला का देत नाही, हा दुसरा प्रश्न. पेठापेठांत मिनिलॅब होत्या तेव्हाही ही अडचण होती. त्या यंत्रात रोल ठरावीक वेगानं टाकीतून टाकीत सरकत जायचे. एका गिऱ्हाइकाच्या एका रोलसाठी वेग बदलायचा म्हणजे पुढच्या-मागच्या सगळ्यांचे रोल अडवायचे. गोड बोलणारा मालक ‘करून देतो’ म्हणायचा आणि सगळ्यांबरोबर तोही रोल घालायचा.

सकाळी साडेदहा

भाची आली. अकरावीला आहे, रसायनशास्त्र आवडतं आणि घड्याळ बघायला तिच्यासारखं कुणी नाही.

रोल टाकीत भरायचं काम मी चेंजिंग बॅगमध्ये करतो. दोन बाह्यांची काळी दुहेरी पिशवी. आत रोल, टाकी, दोन चक्र्या, कात्री आणि बाटली उघडायचा ओपनर. डबीचं झाकण ओपनरनं उचकटायचं, टोक सरळ कापायचं, कोपरे जरासे तासायचे आणि फिल्म चक्रीच्या खाचेत सरकवून दोन्ही बाजू आलटून पालटून फिरवायच्या. छत्तीस छायाचित्रांचा रोल दीड मीटरहून लांब असतो. चक्री ओलसर असेल किंवा बोटांना घाम असेल तर फिल्म मध्येच अडते आणि मग जोर लावायचा मोह होतो. तो टाळायचा, हात थांबवायचे, बाहेर काढायचे नाहीत. पावसाळ्यात हा प्रकार छळतो, जानेवारीत नाही. कोरड्या थंडीत दोन्ही रोल मुकाट्यानं चढले.

“मामा, या डबीवर प्लस दोन म्हणजे नक्की काय करणार आपण?” तिनं विचारलं.

“काही नाही. डेव्हलपर जास्त वेळ ठेवायचा.”

“बस?”

“बस.”

सकाळी ११

तिला एवढ्यावर भागत नाही, आणि भागू नये.

साध्या सी-४१ मध्ये डेव्हलपरचा वेळ सव्वातीन मिनिटं. माझ्या किटच्या पत्रकात एका स्टॉपच्या, म्हणजे वेग दुप्पट धरल्याच्या, पुशसाठी १.३ नं गुणायला सांगितलं आहे, दोन स्टॉपसाठी १.७५ नं. सव्वातीन मिनिटं म्हणजे १९५ सेकंद. पावणेदोननं गुणून ३४१. पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद. पहाटेपासून चाललेल्या या सगळ्या खटाटोपात पुश म्हणतात तो एवढाच: अडीच मिनिटांहूनही थोडा कमी असलेला जादा वेळ. किटागणिक गुणक बदलतो, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. तापमान वाढवून पुश करावा असंही कुणी सुचवतं. मी करत नाही. आधीच कॅमेऱ्याचा आकडा आणि वेळ या दोन गोष्टी हलत असताना तिसरी मुद्दाम कशाला हलवायची?

“पण मग ४००चा रोल १६००चा होतो?”

होत नाही. हा गैरसमज चांगल्या चांगल्यांना असतो. फिल्मवर जिथं उजेड पुरेसा पडला तिथल्या चांदीच्या कणांवर डेव्हलपर काम करतो. जास्त वेळ दिला तर तिथं जास्त काम करतो. जिथं उजेड पोचलाच नाही तिथं कितीही वेळ बसला तरी त्याला करायला काही नाही. शून्याला पावणेदोननं गुणलं तर शून्यच. त्यामुळे पुश केलेल्या रोलमध्ये चेहरा वर येतो, मुकुटावरची जर लखलखते, आणि सावली जिथं होती तिथंच राहते. मधल्या आणि उजळ भागातलं अंतर ताणलं जातं म्हणून चित्राला धार येते. या धारेलाच लोक वेग समजतात. सावल्यांचा खरा फायदा फार तर नखाएवढा.

“म्हणजे १६०० खोटंच.”

“खोटं नाही. राजाच्या चेहऱ्यासाठी खरं, पडद्यासाठी खोटं.”

सकाळी ११:२०

घड्याळ तिच्या हातात. पेटीतलं पाणी ३८.३, डेव्हलपरच्या बाटलीत ३७.९. टाकीत ओतला की थोडा उतरणार, म्हणून एवढं जास्त ठीक.

आधी एक मिनिट कोमट पाणी. टाकी आणि फिल्म दोन्ही तापतात, आणि फिल्ममधला रंग थोडा सुटतो. पाणी ओतून दिलं की मोरीत रंगीत ओघळ जातो आणि पहिल्यांदा बघणारा घाबरतो; भाची घाबरली नाही, तिनं वास घेतला.

“सुरू.”

६०० मिलिलीटर डेव्हलपर. पहिली दहा सेकंद सलग उलटसुलट, मग दर अर्ध्या मिनिटाला चार वेळा. टाकी दर वेळी खाली ठेवताना तळ हलकेच आपटायचा म्हणजे बुडबुडे फिल्मला चिकटत नाहीत. मधल्या वेळात टाकी पेटीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत. इथंच पुशची खरी परीक्षा असते आणि पत्रकात ती लिहिलेली नाही. सव्वातीन मिनिटांत टाकी जेवढी निवते त्याच्यापेक्षा पावणेसहा मिनिटांत जास्त निवते. सुरुवातीला शंभर ताप आणि शेवटी अठ्ठ्याण्णव, असं झालं तर गुणक बरोबर असूनही रोल अर्धवट पुश होतो. पेटी, रॉड आणि पंप हा सगळा संसार त्या शेवटच्या अडीच मिनिटांसाठी आहे.

आत काय चाललंय हे भाचीला सांगत होतो, टाकी हलवता हलवता. फिल्मवर तीन थर असतात. सगळ्यांत वरचा निळ्या उजेडाला जागतो, मधला हिरव्याला, खालचा तांबड्याला. डेव्हलपर चांदीवर काम करताना स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि ते उरलेलं द्रव्य थरातल्या कपलर नावाच्या पदार्थाशी जोडलं जाऊन रंग तयार होतो: वर पिवळा, मध्ये मॅजेंटा, खाली सायन. म्हणजे चांदी हे फक्त निमित्त. ती नंतर धुऊन जायची आहे. डेव्हलपर वरून खाली झिरपतो, त्यामुळे तळचा थर सगळ्यांत शेवटी जेवतो. सव्वातीन मिनिटांचा आकडा या तिघांचा ताळमेळ बसावा म्हणून ठरवलेला आहे. तो ओलांडला की तिघे आपापल्या चालीनं वाढतात. कुणी थोडा पुढे, कुणी मागे.

“तीन तीस,” ती म्हणाली. साधा रोल असता तर आत्तापर्यंत बाहेर असता.

“चार.”

“चार तीस.”

“पाच. मामा, ओतायला वेळ लागतो ना? तो धरायचा?”

उत्तम प्रश्न. पाच मिनिटं तीस सेकंदांना ओतायला सुरुवात करायची, म्हणजे एक्केचाळिसाव्या सेकंदाला टाकी रिकामी. डेव्हलपर परत बाटलीत, आणि बाटली ताबडतोब खोलीबाहेर.

सकाळी साडेअकरा

आता घाई संपली. डेव्हलपरला घड्याळाचा धाक असतो, ब्लिक्सला नसतो. त्याचं काम आहे चांदी परत विरघळणाऱ्या रूपात आणणं आणि धुऊन काढणं, आणि सगळी चांदी निघाली की ते आपोआप थांबतं. जास्त वेळ ठेवला म्हणून बिघडत नाही. कमी ठेवला तर मात्र चांदी उरते आणि निगेटिव्ह मळकट दिसते. तेही पुन्हा ब्लिक्समध्ये घालून सुधारता येतं. पत्रकात आठ मिनिटं आहेत. पुश केलेल्या रोलात चांदी जास्त तयार झालेली असते म्हणून मी दहा देतो.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. टाकीत उरलेला डेव्हलपर आणि ब्लिक्स भेटले की वायू सुटतो आणि झाकण फुगतं. दोन-तीनदा उलटं केलं की झाकणाची कड उचलून तो जाऊ द्यायचा. नाहीतर तपकिरी रसायनाची पिचकारी आईच्या पांढऱ्या टाइल्सवर जाते, आणि तो डाग निघतो पण विषय निघत नाही.

मग तीन मिनिटं धुणं, पाणी बदलत बदलत. शेवटी एक मिनिट स्थिरीकरण, यात थोडा साबणासारखा पदार्थ असतो, म्हणून ते टाकीबाहेर करायचं. चक्रीला तो चिकटला तर पुढच्या वेळी फिल्म अडते.

दुपारी १२

चक्री उकलली. हा क्षण आवडत नाही असं म्हणणारा निगेटिव्हवाला मी पाहिलेला नाही.

ओल्या फिल्मवर मी आधी चित्रं बघत नाही, कडा बघतो. कडेला रोलाचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच उजेड देऊन छापलेले असतात, आणि प्रत्येक रोलवर तो उजेड सारखाच असतो. तेव्हा ते आकडे किती गडद झाले यावरून डेव्हलपरनं किती काम केलं हे कळतं. माझ्या मीटरच्या, हॅलोजनच्या किंवा संकासुराच्या लहरीचा तिथं संबंध नाही. जुन्या साध्या रोलची एक पट्टी शेजारी धरली. आजचे आकडे चांगलेच दाट. नारिंगी तळही किंचित गडद झालाय, म्हणजे उजेड न लागलेल्या जागीही थोडं धुकं चढलंय. पुशमध्ये तेवढं चालतं.

मग चित्रं. मुकुट आणि हॅलोजनसमोरची गालफडं जवळजवळ काळी, पडद्याच्या जागी नुसतं नारिंगी पारदर्शक. सावलीत काही नाही हे आत्ताच दिसतंय.

“हे नारिंगी कशाला? नुसती पारदर्शक का नाही करत?” भाची.

तीन रंगद्रव्यांपैकी मॅजेंटा आणि सायन पूर्ण शुद्ध नसतात. नको तो उजेडही थोडा अडवतात. ती चूक पुढच्या छपाईत भरून निघावी म्हणून कपलर मुळातच रंगीत ठेवलेले असतात, त्यांचा हा तवंग. ती ‘हं’ म्हणाली. तिच्या ‘हं’मध्ये समजलं आणि बघू दोन्ही असतं.

फिल्म न्हाणीघरात दोरीला टांगली, खाली वजनाला चिमटा. दार बंद. दोन तास माझ्याशिवाय कुणी आत जायचं नाही. आईला आधीच सांगितलं होतं. शेजारच्या काकूंकडे सोय झाली आहे.

दुपारी १

दिवसाचे दोन रोल. यांना मुद्दाम नंतर ठेवलं. पुश केलेल्या रोलाला ताजा डेव्हलपर हवा. प्रत्येक रोलबरोबर तो थोडा थकतो आणि त्यात पूर्वीच्या रोलांतून सुटलेली द्रव्यं साठतात. पत्रकाप्रमाणे रोलामागे दोन टक्के वेळ वाढवायचा, म्हणजे यांना तीन मिनिटं तेवीस सेकंद. झालं. यात सांगण्यासारखं काही घडत नाही, साध्या सी-४१ चं हेच कौतुक आहे.

दुपारी २

आमटी-भात. वापरलेला ब्लिक्स मोरीत ओतायचा नसतो, हे जेवताना भाचीनं स्वतःच काढलं, चांदी विरघळलेली आहे म्हणून. बरोबर. पाण्यातल्या जिवांना ती घातक. एक्स-रे काढणाऱ्यांकडचं वापरलेलं हायपो, म्हणजे फिक्सर, चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात. माझ्याकडे साठतं ते थोडं. किट थकलं की कॅनमध्ये भरून एका जुन्या लॅबवाल्याला देतो, त्याच्या मोठ्या पिंपाबरोबर ते जातं.

संध्याकाळी ४

फिल्म वाळली. थंडीत ती कोरडी होऊन गुंडाळी धरते, पावसाळ्यात सपाट राहते पण वाळता वाळत नाही. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून पाकिटात. कापताना हातात सुती मोजे. भाची क्लासला गेली. जाताना म्हणाली, संकासुराची जीभ आधी स्कॅन कर.

संध्याकाळी ५ ते ९

प्रकाशाच्या सपाट पाटीवर निगेटिव्ह, वर डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स. संगणकात उलटी केली की चित्र दिसतं. दिवसाचे रोल पाच मिनिटांत ताळ्यावर आले: बांगडे, सुकत घातलेली जाळी, निळं पाणी. रात्रीच्या रोलांना संध्याकाळ लागली.

कारण असं. माझी फिल्म सूर्यप्रकाशासाठी बनवलेली आहे आणि हॅलोजनमध्ये निळा उजेड मुळातच कमी. त्यामुळे निळ्याला जागणारा वरचा थर बाकी दोघांपेक्षा उपाशी राहिला. कागदावर १६००, पण त्या थरापुरतं पाहिलं तर त्याच्याही पुढे. आता चेहरा सुधारायचा तर निळा वाढवावा लागतो. निळा वाढवला की काळ्या सावल्यांत, जिथं त्या थरात काहीच नव्हतं तिथं, निळी झाक आणि दाणा उठतो. सावल्या काळ्या कराव्यात तर चेहरे पुन्हा पिवळे-तांबडे. पुशमुळे कॉन्ट्रास्ट ताणलेला, म्हणून ही ओढाताण आणखी ठळक. लेन्सवर ८०ए नावाचा निळा फिल्टर लावला असता तर तिन्ही थरांना समान वाटणी झाली असती, पण तो दोन स्टॉप उजेड खातो. म्हणजे पुश करून मिळवलं ते सगळं फिल्टरला दिलं. सिनेमाची ५००टी फिल्म दिव्यांच्या उजेडासाठीच असते. ती घ्यायची तर पाठीवर रेमजेटचा काळा थर असल्यास तो आधी काढावा लागतो, आणि तो काम वाढवतो.

मग असंही मनात येतं की स्कॅनच करायचं असेल तर पुश तरी कशाला? रोल सव्वातीन मिनिटांत काढायचा आणि कॉन्ट्रास्ट संगणकात वाढवायचा. एका स्टॉपच्या बाबतीत मला हे पटतं. पोर्ट्रा ४०० सारखी फिल्म एका स्टॉपची उणीव निमूटपणे सोसते. तिथं मी पुश करायचं सोडलं आहे. दोन स्टॉपला मात्र पातळ निगेटिव्ह संगणकात ओढली की दाणा आणि ठिपके दोन्ही वर येतात, आणि राजाच्या चेहऱ्यावरचा घाम दिसायच्या ऐवजी वाळू दिसते. पुश केलेल्या निगेटिव्हमध्ये घाम राहिला आहे. त्यासाठी अडीच मिनिटं महाग नाहीत.

रात्री १०

राजपार्ट करणाऱ्या काकांना त्यांचं छायाचित्र पाठवलं. बाकड्यावर एक पाय, हात वर, कमरेला तलवार, मागे पडदा. पाचच मिनिटांत उत्तर आलं:

“फोटो बरो इलो. पण माका इतको तांबडो कित्याक केलंस?”

“काका, उजेड तांबडा होता.”

“उजेड आसात. मी नाय.”

यावर वाद घालता येत नाही. निळा वाढवला, गालांवरचा तांबडेपणा उतरवला, कपाळावरचं गंध सुटं दिसू लागलं. पडद्यात निळसर झाक शिरली ती रात्री कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरून पुन्हा पाठवलं आणि संगणक बंद केला.

“हो बरो इलो,” काकांनी लिहिलं. “पण आमचो पडदो काळो हा. निळो नाय.”

संगणक परत सुरू केला.